सोंग, अभिनय आणि कोकण : दिलीप प्रभावळकर यांच्या भूमिकांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

दिलीप प्रभावळकर यांच्याविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्यात ‘अष्टपैलू’ हे विशेषण इतक्या वेळा येते की ते आता काही सांगेनासे झाले आहे. रंगभूमी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट या तिन्ही माध्यमांत पाच दशकांहून अधिक काळ वावरलेल्या या नटाच्या भूमिकांची यादी करणे सोपे आहे. चेटकीण, चिमणराव, नंदू, तात्या विंचू, आबा टिपरे, गांधीजी, नरबा, बाबुली मेस्त्री अशी ती वाढत जाते आणि यादीच्या शेवटी ‘नट भूमिकेत विरघळून गेला’ असे म्हणून समीक्षक मोकळा होतो. पण विरघळणे ही उपमा या नटाच्या बाबतीत खरी आहे का, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. प्रभावळकरांच्या उत्तम भूमिकांत नट नाहीसा होत नाही. तो आणि त्याने घेतलेले रूप, दोन्ही प्रेक्षकाला एकाच वेळी दिसत राहतात. या दुहेरी दिसण्याला मराठीत एक जुना शब्द आहे, तो म्हणजे सोंग. प्रस्तुत लेखात या शब्दाच्या आधारे प्रभावळकरांच्या काही निवडक भूमिकांची चिकित्सा करावयाची आहे, आणि शेवटी ज्या दोन चित्रपटांत ते कोकणातील वृद्ध झाले त्या चित्रपटांचा विचार कोकणातीलच एका गावाच्या, राजापूर तालुक्यातील नाटे या गावाच्या, अनुभवाशी ताडून पाहावयाचा आहे.

‘सोंग’ या शब्दाला प्रमाण मराठीत थोडी हीन छटा आली आहे. झोपेचे सोंग, आजारपणाचे सोंग असे आपण म्हणतो तेव्हा खोटेपणाकडे बोट दाखवितो. लोकपरंपरेत मात्र सोंग म्हणजे खोटेपणा नव्हे. शिमग्यात रत्नागिरी जिल्ह्यातील गावोगाव नमन-खेळे होतात. मृदंग आणि टाळांच्या साथीवर संकासुर येतो, त्याच्याबरोबर लुगडे नेसलेला पुरुष गोमू होऊन नाचतो, पुढे गणपती येतो, रावण येतो. संकासुराच्या आत कोणाचा मुलगा आहे हे अंगणातील प्रत्येकाला ठाऊक असते. गोमूच्या पायांतील चाल ओळखून बायका हसतात. तरीही गणपतीचे सोंग आले की तीच माणसे हात जोडतात. ओळखणे आणि हात जोडणे या दोन क्रिया तेथे परस्परविरोधी नाहीत. वाघोटन खाडी ओलांडून सिंधुदुर्गात गेले की हाच व्यवहार दशावताराच्या रूपाने अधिक नाटकी, अधिक विस्तृत होतो. आडदशावतारात गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती आणि संकासुर येऊन गेल्यावर आख्यान उभे राहते. लिखित संहिता नसते, संवाद जागच्या जागी सुचतात, स्त्रीपार्टही पुरुषच करतो आणि ज्याची त्यानेच रंगभूषा करावयाची असते.

प्रभावळकरांनी आपल्या आत्मपर लेखनाच्या पुस्तकाला ‘एका खेळियाने’ असे नाव दिले आहे. ‘नट’ किंवा ‘अभिनेता’ हे शब्द हाताशी असताना ‘खेळिया’ हा शब्द निवडला जाणे हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण तो शब्द या नटाच्या कामाशी चांगला जुळतो, एवढे खरे.

चेटकीण ते चिमणराव

प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. विज्ञानाचे शिक्षण आणि औषधनिर्मिती कंपनीतील नोकरी हा त्यांच्या पिढीतील सुशिक्षित मुंबईकर तरुणाचा सरळ रस्ता होता. नाटक हा त्या रस्त्याच्या कडेने चाललेला उद्योग होता. त्या काळातील मराठी प्रायोगिक रंगभूमी अशाच नोकरदार माणसांनी उभी केली हे विसरता येत नाही. कार्यालयातून सुटून तालमीला जाणारा हा वर्ग होता. पोटाची सोय अन्यत्र असल्यामुळे त्याला चुकण्याचे स्वातंत्र्य होते. प्रभावळकरांच्या पुढील आयुष्यात जी धिटाई दिसते, म्हणजे नायकाच्या वाटेला न जाण्याची, कुरूप, वेडगळ, म्हातारी माणसे पुन्हापुन्हा पत्करण्याची, तिचे मूळ या पायाभरणीत असावे.

रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चेटकीण ही त्यांची आरंभीची गाजलेली भूमिका. पुरुषाने स्त्रीरूप घ्यावयाचे, तेही भीतीदायक आणि त्याच वेळी हसू आणणारे. मुलांना चेटकिणीची भीती वाटली पाहिजे, पण ती इतकीही वाटता कामा नये की मूल उठून बाहेर जाईल. म्हणजेच ‘हे सोंग आहे’ ही जाणीव सतत जागी ठेवून घाबरवायचे. संकासुर लहान मुलांच्या अंगावर धावून जातो तेव्हा तोही नेमके हेच करीत असतो. २०१८ साली हे नाटक नव्याने रंगमंचावर आले तेव्हा चेटकीण साकारली ती वैभव मांगले यांनी. रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्या या नटाने ती अगदी वेगळ्या अंगाने उभी केली. एक पुरुष-नट दुसऱ्या पुरुष-नटाकडे स्त्रीपार्ट सोपवतो, ही गोष्ट दशावतारी मंडळींना नवलाची वाटणार नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चि. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका तेथून प्रसारित झाली. प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चिमणराव हे पात्र तोवर मराठी वाचकाच्या मनात पक्के बसलेले होते, शिवाय १९४० च्या ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात दामूअण्णा मालवणकर यांनी ते पडद्यावर आणले होते. चि. वि. स्वतः बडोद्यात पाली भाषेचे प्राध्यापक. पांडित्य पेलणाऱ्या माणसानेच मध्यमवर्गीय भित्रेपणाची इतकी प्रेमळ टिंगल करावी, हे प्राध्यापकवर्गाने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दूरचित्रवाणीचा पडदा त्या वेळी लहान होता, चित्र कृष्णधवल होते, आणि एका संचासमोर आख्खी चाळ बसत असे. या पडद्यावर रंगमंचीय हातवारे मोठे वाटतात आणि चित्रपटीय सौम्यता हरवून जाते. प्रभावळकरांनी चिमणरावासाठी जे माप शोधले ते या दोहोंच्या मधले होते. किंचित वाकलेले खांदे, अडखळत सुरू होऊन घाईने संपणारे वाक्य, आणि गुंड्याभाऊच्या आडदांडपणापुढे आपोआप आक्रसणारी देहयष्टी. प्रेक्षकाला चिमणराव हा आपल्या शेजारचा वाटला, तरी तो ‘काढलेला’ आहे हे कधी लपले नाही. या मालिकेने मराठी दूरचित्रवाणीला तिचा पहिला घराघरांतला चेहरा दिला आणि नटाला एक संकटही दिले. जो तो त्यांना चिमणराव म्हणू लागला. १९७९ मध्ये त्याच नावाचा चित्रपटही आला. एका सोंगात अडकलेला नट पुढे आयुष्यभर त्याची उसनी कमाई खात राहतो, अशी उदाहरणे थोडी नाहीत. प्रभावळकरांनी पुढची दहा-बारा वर्षे चिमणरावापासून दूर जाण्यात घालविली. १९८२ च्या ‘एक डाव भुताचा’ मध्ये ते अशोक सराफ यांच्या भुतासमोर गांगरलेले मास्तर झाले, म्हणजे अजून चिमणरावाच्या शेजारघरी होते. ‘साळसूद’ या दूरदर्शन मालिकेतील खलप्रवृत्तीच्या माणसाने मात्र ते नाते तोडले.

एकच दुःख, दोन बाजूंनी

या नटाच्या कामात सर्वांत विचार करण्याजोगी जोडी ‘नातीगोती’ आणि ‘चौकट राजा’ यांची आहे. जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ या नाटकात बौद्धिकदृष्ट्या विकलांग मुलाच्या आईवडिलांची कथा आहे. प्रभावळकर त्यात वडील होते आणि मुलाची भूमिका अतुल परचुरे (निधन २०२४) करीत असत. दळवींनी त्या बापाला थोर केलेले नाही. तो थकतो, चिडतो, मुलाच्या मरणाचा विचार त्याच्या मनात येऊन जातो, आणि त्या विचाराच्या लाजेने तो अधिक प्रेमळ होतो. हे सारे त्या मुलाकडे पाहत राहण्यातून आलेले दुःख आहे. नटाला प्रयोगामागून प्रयोग, तासन्‌तास, अशा मुलाच्या देहाकडे पाहावे लागले.

त्यानंतर १९९१ मध्ये संजय सूरकर दिग्दर्शित आणि स्मिता तळवलकर निर्मित ‘चौकट राजा’ आला, आणि प्रभावळकर स्वतः नंदू झाले. लहानपणीच्या अपघातानंतर वाढलेल्या शरीरात मूलच राहिलेला नंदू. ही भूमिका आधी परेश रावल करणार होते आणि प्रभावळकरांकडे ती ऐनवेळी आली, हे सर्वज्ञात आहे. तयारीला अवधी कमी मिळाला असे या संदर्भात सांगितले जाते. ते तितकेसे खरे मानता येणार नाही. तयारी आधीच झालेली होती, फक्त ती दुसऱ्या बाजूला उभे राहून झाली होती. ‘नातीगोती’च्या बापाने जे पाहिले ते ‘चौकट राजा’च्या मुलाने केले.

विकलांग व्यक्तीची भूमिका हा भारतीय चित्रपटातील एक धोक्याचा प्रदेश आहे. नटाला पारितोषिक मिळवून देणारी आणि प्रत्यक्ष विकलांग माणसाला प्रेक्षकांच्या दयेचा विषय करणारी अशी ही वाट आहे. ‘चौकट राजा’ या आक्षेपातून पूर्णपणे सुटत नाही. पटकथेतील काही प्रसंग प्रेक्षकाच्या डोळ्यांतून पाणी काढण्यासाठीच बेतलेले आहेत आणि पार्श्वसंगीत त्यांना आणखी पुढे ढकलते. तरी नंदूचे काम त्या प्रसंगांपेक्षा वरचढ ठरते. नंदूला आपण दुःखी आहोत हे ठाऊक नाही. मान एका बाजूला कलणे, ओठांची ढिलाई, बोटांची अस्वस्थ हालचाल, हे सर्व बाह्य तपशील काटेकोर आहेत. पण त्यांच्या आत दया मागणारा माणूस नाही, हट्ट करणारा मुलगा आहे. सुलभा देशपांडे यांनी केलेली आई आणि हा मुलगा यांच्यातील प्रसंगांत करुणेपेक्षा कटकट अधिक आहे, आणि घराघरांत चालणारी गोष्ट तीच असते. आईला मुलाचे करता करता राग येतो, मूल ऐकत नाही, आणि जेवणाची वेळ टळत नाही.

येथे सोंग या संकल्पनेची कसोटी लागते. ज्याचे सोंग आणले तो माणूस प्रत्यक्षात समोरच्या गर्दीत बसलेला असू शकतो. नमनात गोमूला हसणाऱ्या बायकांना ते हसू आपल्यावर उलटलेले वाटत नाही, कारण गोमू ही त्यांचीच अतिशयोक्ती आहे. नंदूच्या बाबतीत अशी खात्री देता येत नाही. प्रभावळकर या ठिकाणी अतिशयोक्ती टाळतात, आणि त्यांच्या सर्व गाजलेल्या भूमिकांत नंदू हीच सर्वांत कमी ‘सोंगाची’ भूमिका ठरते. लेखाच्या मांडणीला ती अपवाद आहे हे मान्य करावे लागते.

मुखवटे आणि आवाज

नव्वदच्या दशकात सोंगाचा व्यवहार उघड झाला. ‘हसवाफसवी’ हे नाटक त्यांनी स्वतः लिहिले आणि त्यात सहा भूमिका स्वतः केल्या. चंद्रकांत कुलकर्णी यांनी ते दिग्दर्शित केले. त्या सहांपैकी एक स्त्री आहे, आणि कृष्णराव हेरंबकर हा संगीत नाटकाच्या काळातील थकलेला गायकनट आहे. प्रेक्षक येथे कथेसाठी येत नसे. आत गेलेला माणूस आता कोण होऊन बाहेर येणार, यासाठी येई. दशावताराच्या जागरणाला बसलेला माणूसही कथेसाठी बसलेला नसतो, कारण आख्यान त्याला पाठ असते. सहा रूपांपैकी पाच करमणूक करून जातात. कृष्णराव मात्र राहतो, कारण त्याच्यात एका संपलेल्या रंगभूमीविषयीची माया आहे.

महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) मधील तात्या विंचू हा याच क्रमाचा टोकाचा बिंदू. गुन्हेगार मरतो आणि त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. त्यानंतर पडद्यावर असतो तो रामदास पाध्ये यांचा बाहुला, आणि नटाचा फक्त आवाज. महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीला प्रभावळकर आधी आवाज म्हणून आणि नंतर चेहरा म्हणून भेटले. अजय फणसेकर यांचे ‘रात्र आरंभ’ (१९९९) आणि ‘एन्काउंटर : द किलिंग’ (२००२) यांतील भूमिका तपशिलाने पाहण्यासारख्या आहेत. विशेषतः दुसऱ्यातील वृद्ध पुनप्पा अतिशय थंडपणे आणि जवळजवळ हालचाल न करता भीती निर्माण करतो. मात्र त्या येथील विषयाच्या कडेला पडतात.

टिपरे आणि गांधी

खासगी मराठी वाहिन्या आल्यावर दूरचित्रवाणीचे गणित बदलले. अल्फा टीव्ही मराठी १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००१ पासून तिच्यावर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ दिसू लागली. ‘लोकसत्ता’तील प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या सदरावर ती आधारलेली होती आणि केदार शिंदे यांनी तिचे दिग्दर्शन केले. तीन पिढ्यांच्या एका कुटुंबातील माणसे आपापली रोजनिशी लिहितात, एवढाच तिचा ढाचा. कट नाही, कारस्थान नाही, दागिन्यांनी मढलेल्या सासवा नाहीत. पुढील काळात मराठी मालिका ज्या दिशेने गेल्या ते पाहता टिपऱ्यांचे घर हा एक सोडून दिलेला रस्ता वाटतो. आबा टिपरे यांच्यात चिमणरावाची भीती वयाबरोबर निवून मिस्कीलपणात उतरली आहे. येथे रंगभूषा जवळजवळ नाही, सोंग अगदी पातळ झालेले आहे.

मग २००६ मध्ये राजकुमार हिरानी यांच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ या हिंदी चित्रपटात ते गांधीजी झाले. ‘शेवरी’ या मराठी चित्रपटासह या भूमिकेसाठी त्यांना त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गांधीजींची भूमिका म्हटली की तुलना १९८२ च्या चित्रपटातील बेन किंग्सले यांच्याशी होते. ही तुलना चुकीच्या जागी केली जाते. किंग्सले यांना ऐतिहासिक पुरुष उभा करावयाचा होता. हिरानींच्या पटकथेत गांधीजी हा मुन्नाला होणारा भास आहे. इतरांना ते दिसत नाहीत आणि मुन्नाला जेवढे ठाऊक आहे तेवढेच त्यांना ठाऊक असते. म्हणजे येथे गांधीजींचे चरित्र नाही, गांधीजींचे सोंग आहे आणि कथाही ते मान्य करते. सोंग म्हणून ओळखूनही ज्याच्यापुढे हात जोडले जातात असे ते सोंग आहे. प्रभावळकरांनी आवाज खाली ठेवला, हसू ओठांच्या कोपऱ्यात ठेवले, आणि उपदेशाची वाक्ये अशा सुरात म्हटली की जणू एखादा आजोबा भांडखोर नातवाला समजावीत आहे. आबा टिपऱ्यांचा सराव येथे कामी आला, असे म्हणावयास जागा आहे. यानंतर शहरांत ‘गांधीगिरी’ची जी लाट आली तिच्या सवंगपणाचे अपश्रेय नटाच्या माथी मारण्याचे कारण नाही.

नरबा, बाबुली आणि नाटे

आता ज्या दोन भूमिकांकडे यावयाचे त्या दोन्ही कोकणातील आहेत, दोन्हींत नट वृद्ध आहे, आणि दोन्हींत प्रश्न जमिनीचा आहे. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘नारबाची वाडी’ (२०१३) ही मनोज मित्र यांच्या ‘साजानो बागान’ या बंगाली नाटकाची कोकणी आवृत्ती. तपन सिन्हा यांनी त्याच नाटकावर १९८० मध्ये बंगालीत चित्रपट केला होता. बंगालमधील जमीनदार कोकणात खोत झाला आणि बाग माडांची झाली. हे रूपांतर केवळ वेशांतर ठरत नाही, कारण खोती हा कोकणाच्या स्मृतीतील दुखरा भाग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले होते आणि कायदा झाला तो १९४९ मध्ये. नरबाच्या वाडीवर खोताची नजर आहे. खोताची पुढची पिढी अखेर म्हाताऱ्याशी करार करते : तो जिवंत असेपर्यंत त्याला दरमहा ठराविक रक्कम मिळेल आणि त्याच्या पश्चात वाडी खोताची होईल. आज-उद्या मरणारा नरबा या पैशावर पोटभर जेवू लागतो आणि मरावयाचे विसरून जातो.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी म्हण आहे. नरबाच्या कथेत पैशाचीच फजिती होते. प्रभावळकरांनी नरबाचा देह माडाच्या जुन्या खोडासारखा केला, कोरडा, वाकडा आणि चिवट. आपण मरत आहोत की मरण्याचे सोंग करीत आहोत, हे त्याचे त्यालाही नीट कळत नसावे असे वाटावे इतके ते काम बारीक आहे. नरबा लढत नाही. तो नुसता राहतो. जागेवरून न हलणे हाच त्याचा प्रतिकार.

सुबोध खानोलकर लिखित-दिग्दर्शित ‘दशावतार’ १२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा प्रभावळकर ८१ वर्षांचे होते. बाबुली मेस्त्री हा दशावतारी कलावंत, दृष्टी मंदावत चाललेला. मुलगा माधव याला वडिलांनी आता थांबावे असे वाटते. कथा खाणीच्या व्यवहाराकडे वळते, माधव जातो, आणि ज्याने आयुष्यभर रात्री रंगमंचावर अवतार धारण केले तो म्हातारा ते अवतार रंगमंचाबाहेर, रानात धारण करतो. ज्या नटाने आयुष्यभर सोंगे आणली त्याला सोंग हाच विषय असलेली भूमिका या वयात मिळावी, याचे अप्रूप समीक्षकांनाही वाटले आणि चित्रपटाच्या पूर्वार्धापुरते ते योग्यच आहे. रंग चढविणाऱ्या हाताची सवय, मंद डोळ्यांनी प्रकाशाचा अंदाज घेण्याची मानेची हालचाल, मुलापुढे केलेला निरोगीपणाचा आव, हे सारे मोजून-मापून आलेले आहे आणि तरी मोजल्यासारखे वाटत नाही.

उत्तरार्धाबाबत मात्र मतभेद नोंदविणे आवश्यक आहे, आणि तो नोंदविण्यासाठी नाटे हे गाव उपयोगी पडते. नाटे जैतापूर खाडीच्या मुखाशी आहे. यशवंतगड येथलाच, आणि साखरी नाटे ही मासेमारांची मोठी वस्ती येथलीच. खाडीपलीकडे माडबनच्या सड्यावर ९,९०० मेगावॅटचा अणुऊर्जा प्रकल्प योजिला गेला आणि त्यासाठी माडबन परिसरातील पाच गावांची सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादित झाली. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे पोलीस ठाण्यासमोरील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. पुढे याच तालुक्यातील बारसू येथे तेलशुद्धीकरण प्रकल्पाची चर्चा सुरू झाली तेव्हा कच्च्या तेलाच्या टर्मिनलसाठी नाट्याचे नाव घेतले गेले, आणि एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाच्या वेळी स्त्रिया उन्हात आडव्या पडून राहिल्या. म्हणजे जमीन, पाणी आणि प्रकल्प हा येथील प्रेक्षकाला पटकथेतून कळलेला विषय नाही.

अशा प्रेक्षकाला ‘दशावतार’चा सूड कसा दिसेल? त्याच्या अनुभवातील प्रतिकार सामुदायिक आहे. ग्रामसभेचे ठराव आहेत, मच्छीमार सोसायट्यांच्या बैठका आहेत, धनादेश नाकारणारे आणि पुढे थकून तो घेणारे शेजारी आहेत, त्यावरून घराघरांत आलेले अबोले आहेत, न्यायालयाच्या तारखा आहेत. चित्रपटात हे सारे एका असामान्य म्हाताऱ्याच्या अंगात येऊन मिटते. देवाचे रूप घेऊन दुष्टांचा संहार करणारा बाबुली पाहताना टाळ्या पडतात, पण त्या टाळ्यांत गाव हा प्रेक्षकाच्या जागी जाऊन बसतो. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. दशावतारात सोंग ओळखूनच पूजले जाते. राजापार्ट करणारा माणूस पहाटे त्याच रंगलेल्या चेहऱ्याने चहा पितो आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. चित्रपटात सोंगाचे हत्यार होते, आणि हत्यार ओळखू आले तर ते निकामी ठरते. ज्या क्षणी समोरच्याने फसावे अशी अपेक्षा निर्माण होते त्या क्षणी सोंग संपते आणि वेशांतर सुरू होते. दशावताराचे नाव घेणाऱ्या चित्रपटाने दशावताराचे मर्म असे उलटे करावे, ही खटकणारी गोष्ट आहे.

यावर असे म्हणता येईल की व्यावसायिक चित्रपटाकडून ग्रामसभेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि या चित्रपटामुळे दशावताराकडे न वळलेला शहरी प्रेक्षक निदान त्याचे नाव ओळखू लागला. हा युक्तिवाद वजनदार आहे. पण ‘नारबाची वाडी’ हाही करमणुकीचाच चित्रपट होता आणि त्याने असामान्य माणसाचा आधार घेतला नाही. अभिनयाचा पराक्रम म्हणून बाबुली मोठा; कोकणातील माणूस म्हणून नरबा अधिक खरा. माडबनच्या पंचक्रोशीत वर्षानुवर्षे जे घडले ते पाहता, न हलणारा म्हातारा तेथे कोणालाही ओळखू येईल.

एक मुद्दा भाषेचा उरतो. मच्छिंद्र कांबळी यांच्या ‘वस्त्रहरण’ने मालवणी बोलीला मराठी रंगभूमीवर प्रतिष्ठा दिली, आणि त्याच यशामुळे पडद्यावरचे सारे कोकण मालवणी बोलू लागले. प्रभावळकरांचा मालवणी उच्चार साधलेला आहे, त्यात नक्कल कमी आणि कान अधिक आहे. पण राजापूरच्या किनाऱ्यावर कानावर पडणारी बोली ती नव्हे. उत्तरेकडून संगमेश्वरीचे वळण तेथवर येते, दक्षिणेकडून मालवणीचे, आणि साखरी नाट्याच्या मुसलमान मच्छीमारांची कोकणी या दोहोंहून निराळी. या तिसऱ्या बोलीत जाळे ओढणारा, डिझेलच्या भावावर वैतागणारा, पावसाळ्यात होडी शाकारून ठेवणारा माणूस नरबाच्या वाडीपासूनही दूर आहे आणि बाबुलीच्या रानापासूनही. खाडीच्या मुखाशी उभे राहून त्याने जे पाहिले ते पाहावयाचे तर पटकथेला माडांच्या आणि देवराईच्या पलीकडे, पाण्यापर्यंत यावे लागेल.